पाचव्या सुईने न पाडलेलं भोक

मी एक जुना टेलिप्रिंटर आहे, आणि मित्रांनो, बाकी काही सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. माझ्यामुळे एका मुलीची सगळी खटपट पाण्यात जाणार होती. गेली नाही. म्हणून तर आज इतक्या मोकळ्या मनाने बोलतो आहे. गेली असती तर मी या कोपऱ्यात तोंड शिवून बसलो असतो.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. कुणी माझे दांडे बसवले, कुणी स्प्रिंगा, कुणी कळा, आणि शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने कान लावून माझी खटखट ऐकली आणि मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी. मग लाकडी खोक्यात भुशावर झोपून मी जहाजाने आमच्या बेटावर, पोर्ट लुई बंदरात आलो आणि लॉरीत बसून वर पठारावर. साल होतं १९७०. नुव्हेल फ्रांस गावाहून बसने अर्ध्या तासावर, बाजाराला लागून, एक लहानसं तार ऑफिस होतं. तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर मला ठेवलं आणि अनुसया नावाच्या ऑपरेटर बाईंच्या हाती दिलं. सगळे तिला मिस अनुसया म्हणत. ती काही शाळेत शिकवत नव्हती, पण खुर्चीवर बसून लिहिणाऱ्या बाईला आमच्याकडे मिसच म्हणतात.

आता माझं काम कसं चालायचं ते ऐका. मला त्याचा फार अभिमान आहे, म्हणून जरा सविस्तर सांगणार. माझ्या पोटात पाच सुया. मिसने एक कळ दाबली की त्या पाचही जणी कागदाच्या अरुंद फितीपुढे ओळीने उभ्या राहत. प्रत्येकीला दोनच गोष्टी येत: भोक पाडणं, नाहीतर गप्प बसणं. एवढंच. पण एका सुईच्या दोन खुणा होतात, दोघींच्या मिळून चार, तिघींच्या आठ, चौघींच्या सोळा आणि पाचजणींच्या बत्तीस. इंग्रजी अक्षरं तर सव्वीसच आहेत. म्हणजे सगळी अक्षरं माझ्या पाच सुयांत आरामात मावत. आकड्यांसाठी एक वेगळी कळ होती. ती दाबली की पुढच्या खुणा अक्षरं म्हणून न वाचता आकडे म्हणून वाचायच्या.

मग ती फीत सरकत जाई, भोकांचे हो आणि नाही तारेवरून पोर्ट लुईला धावत आणि तिथून समुद्रापार. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाची आई गेली, सगळं हो-नाही-हो-हो-नाही करत जायचं. मला तरी हे अजून खरं वाटत नाही.

वाटेत गडबड व्हायची, हे सांगायला हवं. तारेवर फांदी घासायची, वारा सुटायचा, विजा चमकायच्या, आणि अधूनमधून अक्षरं गळायची. मिस अनुसया त्याला घाबरत नसे. समजा तार आली, ‘आई ब_ी आ_े, काळ_ी करू न_ा.’ बघा, तुम्ही वाचलंतच ना? चार अक्षरं नव्हती तरी अडलं का तुमचं? बोलण्यात आपण गरजेपेक्षा जास्त अक्षरं वापरतो, म्हणून काही हरवली तरी उरलेली त्यांची जागा दाखवतात. पण समजा तार आली, ‘१_ तारखेला येतो.’ आता सांगा, अकरा की सतरा की एकोणीस? नाही सांगता येणार. आकड्याला शेजारीपाजारी नसतात. एक हरवला की त्याची बातमी देणारं कुणी नाही. आणि हरवण्याऐवजी तो बदलला, तर तो बदलला आहे हेसुद्धा कुणाला कळत नाही. हे मी पुढे चांगलंच शिकलो.

आमच्या दारात एक बाक होता आणि त्या बाकावर हरिप्रसादकाका. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आयुष्यभर कारकुनी करून ते घरी बसले होते, म्हणजे घरी बसायच्या ऐवजी आमच्याकडे बसत. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक लिहून आणलेला मजकूर आधी त्यांना दाखवत आणि ते कानावरची पेन्सिल काढून शब्द उडवत. त्यांचं लाडकं नाव होतं सिझो. आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीत सिझो म्हणजे कात्री. वीस शब्दांची तार सहावर आणली की ते कागद लांब धरून असे बघत, जणू कुणी सोनाराने नथ घडवली. आसपासच्या गावांतून लोक येत. “सिझोकाकांनी कापली का?” असं विचारूनच फॉर्म खिडकीत यायचा.

मला तेल घालायला महिन्यातून एकदा इंद्रदेव नावाचा मेकॅनिक येई. तो पाचही सुया काढून पुसायचा आणि त्यांच्याशी बोलायचा. १९७७ मध्ये त्याची बदली झाली. त्याच्या जागी कुणी आलंच नाही. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. उसाची कापणी जोरात होती, वाऱ्यावर जळक्या पाचोळ्याची काजळी यायची आणि खिडकीतून थेट माझ्यावर. माझी पाचवी सुई जड झाली. बहुतेक वेळा भोक पाडायची, मधूनच नुसती टेकून परत यायची. मी काय करणार? मला सांगता येत होतं ते दुसऱ्यांचं. स्वतःचं सांगायला माझ्याकडे कळ नव्हती.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, पाच तारखेला, कुंती आली.

कुंती एकोणीस वर्षांची, नुव्हेल फ्रांसची. तिचे वडील जयराम कोबी आणि शुशूच्या भाजीचे वेल लावायचे. विलायतेतल्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला तिला जागा मिळाली होती. वर्ग सोमवारी, बारा तारखेला सुरू होणार होता. ती शुक्रवारी निघून शनिवारी, दहाला पोचणार होती. इस्पितळाने लिहिलं होतं, कधी पोचता ते तारेने कळवा, म्हणजे विमानतळावर माणूस पाठवू आणि जागा राखून ठेवू.

आणि जयरामकाकांच्या मनात काय होतं, ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. त्या वर्षी गणेश चतुर्थी सोळा तारखेला होती. “गणपती बोळवून जा गो,” असं ते तिला तीनदा म्हणाले होते. “आठ दिसांत लंडन काय पळून जातंय?” तिसऱ्या वेळी कुंतीने इस्पितळाचं पत्र पुढे धरलं. ते शेतावर निघून गेले.

कुंतीने वहीच्या पानावर सुंदर इंग्रजीत मजकूर लिहिला होता. तुम्हाला मी मराठीत सांगतो. “माननीय मेट्रन, मी शनिवार, दहा सप्टेंबर रोजी लंडन विमानतळावर पोचत आहे, कृपया माझी जागा राखून ठेवावी. कुंती.”

सिझोकाकांची पेन्सिल कानावरून उतरली.

“माननीय मेट्रन कशाला? तार तिच्याच हातात पडनार ना?” काट. “विमानतळावर म्हंजे? न्हायतर तू काय बैलगाडीने जानार?” काट. “जागा तर तिनेच दिली हाय.” काट. “सप्टेंबर तर चालूच हाय.” काट.

“शनिवार राहू दे ना, काका,” कुंती म्हणाली.

“अगो, दहाला शनिवारच पडतोय. इंग्रजाच्या भिंतीवर कॅलेंडर नसतं काय?”

बाकावरचे हसले. कुंतीबरोबर आलेले जयरामकाकाही थोडं हसले. कुंती ओठ चावून उभी राहिली. मोठ्या माणसाने कौतुकाने कापलेली तार परत कशी वाढवायची?

उरलं एवढंच: “येते १० कुंती.”

“कोरेक,” काका म्हणाले. म्हणजे झकास. कागद त्यांनी लांब धरून पाहिला.

मिस अनुसयाच्या हाती त्या दिवशी तारांचा ढीग होता. तिने कुंतीची तार घेतली, खटाखट कळा दाबल्या. एकाला चार भोकं लागतात, ती पडली. शून्याला तीन लागतात: दुसरी, तिसरी आणि पाचवी सुई. दुसरीने पाडलं. तिसरीने पाडलं. पाचवी पुढे आली, कागदाला टेकली आणि परत गेली.

मित्रांनो, दुसरं आणि तिसरं भोक, एवढीच खूण असेल तर ती कशाची? आठाची.

फीत सरकली. तार गेली.

बुधवारी सकाळी पहिल्या बसने बापलेक आले. पुढे कुंती, चार पावलं मागे जयरामकाका. कुंतीच्या मुठीत एक तार होती, आदल्या संध्याकाळी आमचं ऑफिस बंद झाल्यावर पोर्ट लुईहून थेट घरी पोचवलेली. मिसने ती उलगडून वाचली: १८ फार उशीर, वर्ग १२ला, जागा दुसऱ्या मुलीला देत आहोत.

“आम्ही अठरा कधी म्हटलं?” मिस म्हणाली.

“तेच विचारायला आले,” कुंती म्हणाली. पण ती मिसशी बोलतच नव्हती. ती दारात गेली, बाकासमोर उभी राहिली. “सिझोकाका, खरं सांगा. बाने तुम्हाला बाजूला घेऊन तारीख बदलायला लावली का?”

“आयो,” काका म्हणाले.

“म्या?” जयरामकाका म्हणाले.

“सोळाला चतुर्थी. सतराला विसर्जन. रात्री विमान, अठराला लंडन. बरोब्बर तुमच्या मनासारखं बसतंय, बा. मी ओळखणार नव्हते का?”

जयरामकाकांनी डोक्यावरची हॅट काढली. “मनात होतं गो. न्हाय म्हनत न्हाय. पन मनात असनं एक आनि हातानं करनं एक.”

“मग कुणी केलं?”

बाजारातला एक कोबीवाला येऊन दारात टेकला होता, तो गुपचूप निघून गेला.

मी केलं होतं. मी, इथे, टेबलावर, चार हातांवर. आणि मला बोलता येत नव्हतं. माणसाच्या भाषेतल्या हजारो तारा माझ्या पोटातून गेल्या होत्या, पण “मी चुकलो, तुझ्या बाचा दोष नाही,” एवढं मला म्हणता येईना. एक जागा जात होती ती जातच होती, पण त्या मुलीने परवा विमानात बसायचं की नाही, आणि बसलीच तर बापावर असला राग घेऊन बसायचं? मला वाटलं, वादळ येऊ दे आणि मला खिडकीतून घेऊन जाऊ दे.

तेवढ्यात मिस अनुसया उठली. तिने खिळ्याला टोचलेल्या फॉर्मांतून सोमवारचा फॉर्म काढला. “हे बघ. काकांचं अक्षर. दहा. खाडाखोड नाही.” मग ड्रॉवरमधून सोमवारच्या फितींची गुंडाळी काढली, कुंतीची फीत शोधली आणि खिडकीच्या उजेडात धरली. एकेक रांग मोजत ती हळूहळू गेली. एका जागी थांबली. बोट फिरवलं.

“कुंती, इकडे ये. इथे हात लाव.”

कुंतीने बोट ठेवलं.

“काय लागतं?”

“पुळी आल्यासारखं.”

“सुई आली होती. कागद फुगला, पण फुटला नाही.” मिसने फीत तिच्या हातात दिली. “हे एक भोक पडलं असतं तर शून्य होतं. पडलं नाही म्हणून आठ झालं. आणि मी फीत फॉर्मशी ताडून पाहिली नाही. म्हटलं, सिझोकाकांनी कापलेली इवलीशी तार, हिच्यात चुकायला जागाच कुठे आहे?”

“एक भोक?” जयरामकाका म्हणाले.

“एकच, काका.”

कुंती ती फीत धरून उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती, पण आता वेगळ्या कारणाने.

सिझोकाका बाकावरून उठून आत आले. ते कधीच आत येत नसत. “मिस, म्या शनिवार ठेवला असता तर?”

“तर तिकडे अठरा, शनिवार, असं पोचलं असतं. अठराला रविवार आहे. कुणीतरी म्हटलं असतं, काहीतरी घोटाळा आहे, विचारा परत.”

काकांनी कोरा फॉर्म मागितला.

मिसने तोवर केसातला आकडा काढून माझी पाचवी सुई खरवडली. समोरच्या शिंप्याकडून शिवणयंत्राचं तेल आणून दोन थेंब सोडले. हाय, ते दोन थेंब. तीन महिन्यांनी मला श्वास आला.

काकांनी लिहिलं, आणि वाचून दाखवलं: “येते शनिवार दहा सप्टेंबर, पुन्हा दहा, वर्गाच्या दोन दिवस आधी, अठरा ही मशीनची चूक, मुलगी वेळेवर येते, जागा ठेवा, कुंती.”

“काका, यात तेच ते तीनदा झालं,” कुंती म्हणाली.

“होऊ दे तीनदा. एक गळलं तर दोन राहतील.”

“आनि किरपा करून लिव,” जयरामकाका मागून म्हणाले.

“ते कशाला?” काका सवयीने म्हणाले, आणि मग लिहिलं.

या वेळी मिसने प्रत्येक रांग फॉर्मशी ताडली. माझ्या पाचव्या सुईने एकही भोक चुकवलं नाही. मी शप्पथ घेऊन सांगतो, एकही नाही.

तो दिवस गेला. काही आलं नाही. शुक्रवारी विमान. गुरुवारी सकाळपासून बापलेक बाकावर होते, मध्ये सिझोकाका. दुपार झाली. वारा सुटला होता आणि तारेवर कुठेतरी फांदी घासत होती. तीनच्या सुमारास माझी घंटी वाजली, मी थरथरलो आणि छापायला लागलो. अक्षरं गळत होती, मला कळत होतं, आणि मी काही करू शकत नव्हतो. मिसने कागद फाडला. तिघेही तिच्या खांद्यावरून वाकले.

जा_ा ठे_ली आ_े. श_िवारी द_ा ता_खेला मा_ूस पा_वतो. शनि_ार दहा.

“जागा ठेवली आहे,” सगळे एकदमच वाचत सुटले. जयरामकाकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तेही बरोबर ओठ हलवत होते. सिझोकाका तर पुढच्या अक्षरावर नजर जायच्या आधीच शब्द बोलत होते. वाचून झाल्यावर ते मटकन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि रुमालाने मान पुसायला लागले.

कुंतीने बापाच्या हातातली टोपली काढून आपल्या हातात घेतली.

“बा, चला. बस चुकेल.”

“चुकू दे गो,” जयरामकाका म्हणाले. “मागून दुसरी येतीय.”

आणि ते आणखी थोडा वेळ बसले. ऑफिसात एवढं हलकं वाटत होतं की मिसने चहा मागवला.

त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. सिझोकाका बाकावर बसत, शब्दही कापत, पण वार आणि तारीख दोन्ही असल्याशिवाय फॉर्म खिडकीत जाऊ देत नसत. लोक कुरकुरायचे, “काका, तुमची कात्री बोथट झाली.” ते म्हणायचे, “झाली. बरं झालं.” इंद्रदेवच्या जागी एक तरुण मेकॅनिक आला. मग ऐंशीच्या पुढे घरोघर फोन यायला लागले, तारा कमी झाल्या आणि एक दिवस माझ्यावर कापड टाकलं गेलं. तीन वर्षं मी त्या कापडाखाली होतो. उंदरांनी फितीचं शेवटचं रीळ खाल्लं. मला वाटलं, झालं.

पण इथल्या शाळेने मला मागून घेतलं. आता मी विज्ञानाच्या खोलीत कपाटाशेजारी असतो. मुली येतात, कळा दाबतात, पाच सुया मोजतात, बत्तीसचं गणित घालतात. मित्रांनो, तुम्हीही या. पण येताना एक फडकं आणा. यंत्राला वेळेवर पुसा, तेल घाला. ते बिघडतं तेव्हा आधी गुपचूप बिघडतं, सांगत नाही. आणि निरोप द्याल तेव्हा जो भाग चुकून चालणार नाही, तो दोन तऱ्हांनी सांगा. त्यात कंजूषपणा करू नका. आणि आलेला निरोप विचित्र वाटला, तर घरच्या माणसावर संशय घेण्याआधी एकदा उलट विचारा.

एक तार मात्र सांगायची राहिली. त्याच वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी जयरामकाका मखराला रंगीत कागद घ्यायला बाजारात आले होते. मिसने त्यांना खिडकीतून हाक मारली. विलायतेहून तार होती. त्यांनी हॅट काढली आणि उभ्यानेच म्हणाले, “वाच.”

मिसने वाचली. “बा, उद्या चतुर्थी. मी बरी आहे. जेवण झालं. इथे थंडी आहे. मी बरी आहे. कुंती.”

“आनि?”

“एवढंच, काका. बरी आहे असं दोनदा आलंय. नवं काहीच नाही यात.”

“न्हाय ना?”

“नाही.”

जयरामकाकांनी रंगीत कागदांची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली आणि बाक ओढून घेतला.

“मंग आनि एकदा वाच,” ते म्हणाले.